माहुलीवरच्या चुली

आसनगावला उतरा. कसारा लोकल पुढे निघून गेली की फलाटावरूनच माहुलीचे सुळके दिसतात. खांद्यावर घोंगडं असू द्या, मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेतून आणलेलं. परतीचा पाऊस अजून संपलेला नाही, आणि तुमचं चकचकीत जॅकेट तिथे उगाच संशय वाढवेल. झोळीत बोरू, काजळाची शाई, खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला आणि शेरभर मीठ. मीठ विसरू नका. कागद वर मिळेल. वेढ्यात अडकलेल्या शिपायांची आणि त्यांच्या संसारांची चित्रं काढायला तुम्ही निघाला आहात, आणि तिथे ओळखीच्या चिठ्ठीपेक्षा मीठ लवकर दार उघडतं.

रूळ ओलांडता ओलांडता एक थांबा लागतो. साल १८६३.

शिट्टी होते, धुराचा लोट येतो आणि कापसाच्या गाठींनी भरलेल्या वाघिणी कल्याणच्या दिशेने जाऊ लागतात. लोहमार्ग अजून कसाऱ्यालाच संपतो. थळघाटातले बोगदे आणि पूल पुरे व्हायला १८६५ उजाडणार आहे. तोवर खानदेश-वऱ्हाडचा कापूस बैलगाड्यांनी घाट उतरतो आणि कसाऱ्याला वाघिणीत चढतो. एवढी घाई कशापायी, असं गाडीवानाला विचारलंत तर तो मुंबईच्या शेटजींकडे बोट दाखवील, शेटजी लिव्हरपूलकडे दाखवतील. मूळ आणखी पलीकडे आहे. अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण एकमेकांच्या नरडीला लागले आहेत, दक्षिणेची बंदरं आरमाराने कोंडली आहेत, आणि एरवी आपल्या आखूड धाग्याच्या कापसाला नाक मुरडणाऱ्या लँकेशायरच्या गिरण्यांना आता तो चालतो. याच वर्षी तिकडे विन्स्लो होमर नावाचा सत्तावीस वर्षांचा चित्रकार 'होम, स्वीट होम' हे तैलचित्र लोकांपुढे मांडतो. एका साप्ताहिकासाठी तो छावण्यांत जाऊन रेखाटनं करत असे, त्यातून हे आलं. तंबूपुढे दोन शिपाई, एक बसलेला, एक उभा. लांबवर बँड वाजतोय आणि दोघांचंही चित्त घराकडे लागलंय. लढाई चित्रात कुठेच नाही. मला हे चित्र आवडतं, जरासं पाकात घोळलेलं असलं तरी. यादवीच्या ऐन मध्यात एका समाजाला आपल्या शिपायाची बसायची पेटी आणि त्याची चूल बघावीशी वाटली, आणि ती टिपायला माणूस हजर होता.

माहुलीवर तसा माणूस नव्हता. म्हणून तुम्ही. चला, अजून सव्वादोनशे वर्षं मागे जायचं आहे.

माहुली गावाच्या पुढे ओढा ओलांडलात की डांबर संपतं, मग विजेचे खांब संपतात, मग झाडं जवळ येतात. आश्विन महिना, १६३६. दोन फौजा किल्ल्याला बिलगून बसल्या आहेत. एक शाहजहानची, तिचा सरदार महाबतखानाचा मुलगा खानजमान. दुसरी आदिलशाहीची, रणदुल्लाखानाची. कालपरवापर्यंत या दोन सत्ता एकमेकींच्या उरावर बसलेल्या होत्या. मे महिन्यात त्यांचा तह झाला, निजामशाहीची वाटणी ठरली, आणि आता मध्ये अडलाय एकच माणूस. १६३३ मध्ये दौलताबाद पडलं तरी शहाजीराजांनी निजामशाही घराण्यातल्या एका पोराला मुर्तजा म्हणून गादीवर बसवलं आणि राज्य मेलं नाही असं तीन वर्षं जगाला भासवत ठेवलं. जुन्नर सोडून ते कोकणात उतरले, चौलच्या पोर्तुगीजांकडे आसरा मागितला, पोर्तुगीजांनी अंग काढून घेतलं. उरली माहुली.

तुम्हाला वर नेणारा एक ठाकर आहे. त्याला दोन्ही फौजांचे मोर्चे ठाऊक आहेत आणि दोन्ही फौजांना तो दिसत नाही. पाठीवर कंदांची पाटी, डोक्यावर इरलं. तो तुमचं नाव विचारत नाही.

"मीठ हाय ना?"

"आहे."

"मंग चल."

तुमच्या काळात शेवटच्या टप्प्यावर लोखंडी शिडी आहे. इथे नाही. मुळ्या आणि खोबणी आहेत, आणि वरून एक माणूस दोर टाकतो. तो वर ओढताना तुम्हाला शिव्या घालतो, अस्सल मराठी शिव्या. खालच्या मोगली मोर्चातूनही तशाच शिव्या ऐकू येतात. या युद्धाबद्दल पुढे जे काही वाचाल त्याआधी हे ध्यानात ठेवा. जाधव, भोसले आणि कितीतरी घराणी गेली पंधरावीस वर्षं या शाहीतून त्या शाहीत जात-येत राहिली आहेत. वेढा घालणारे आणि वेढ्यात सापडलेले, दोघांच्या चुलींवर भाकरीच भाजते.

वर पोचल्यावर श्वास घ्या आणि खाली बघा. पश्चिमेला तानसा तलाव नाही. धरण १८९२ चं. पूर्वेला भातसाचं पाणी नाही. नुसतं रान आणि मध्येमध्ये पिवळसर पडत चाललेली भातखाचरं. (मुंबईची तहान भागवणारा हा तालुका उन्हाळ्यात स्वतः टँकरची वाट बघत बसेल, हे इथे कुणाला सांगू नका. हसतील.) आग्नेयेला मुरबाडच्या डोक्यावर सह्याद्रीची भिंत ढगात अर्धी बुडाली आहे. त्या भिंतीवरचे जीवधन आणि हरिश्चंद्रगड अजून शहाजीराजांच्या माणसांकडे आहेत. आणखी थोडे दिवस.

किल्ला म्हणजे तीन डोंगर शेजारी शेजारी: उत्तरेला पळसगड, मधे माहुली, दक्षिणेला भंडारगड. महादरवाज्याच्या देवड्यांत पहारेकरी पाय दुमडून बसलेत. तुम्हाला अर्थातच राजांचा वाडा बघायचाय. जिजाबाई आणि सहा वर्षांचे शिवाजीराजे या वेढ्यात इथे होते, अशी परंपरा आहे, आणि शेंबडं पोरही तुम्हाला माघारी आल्यावर तेच विचारणार. तुम्ही तिकडे दोन पावलं टाकता. भाला आडवा येतो.

"तिकडं न्हाई."

"चित्र काढायचं होतं."

"कुणाचं? बायामाणसांचं?" तो तुमच्याकडे असा बघतो की तुम्ही गुपचूप वळता.

त्याला दोष देऊ नका. ज्या निजामशाहीसाठी तो उभा आहे तिच्या दरबारात असं चित्र एकदा काढून झालं होतं. हुसेन निजामशहाच्या स्तुतीची 'तारीफ-ए-हुसेनशाही' ही सचित्र पोथी, सत्तर वर्षांपूर्वीची. तालिकोटची लढाई तिच्यात आहे, आणि चित्रकाराने बादशहाच्या शेजारी त्याची बेगम खुंजा हुमायूं हिलाही बसवलं होतं, घरच्यासारखं. मग हुसेन वारला, बेगमेने मुलाच्या नावाने कारभार पाहिला, मुलाने मोठं झाल्यावर तिला कैद केलं, आणि कुणीतरी बहुतेक चित्रांतून तिची आकृती पुसून टाकली. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ती पोथी आहे. बादशहा ऐटीत बसलेला, आणि शेजारी रंगाचा फराटा. लढाईच्या चित्रांना कुणी हात लावला नाही.

तेव्हा वाडा सोडा. पळसगडाच्या बाजूला धूर दिसतोय तिकडे जा. कारवीच्या कुडांची, शेणाने सारवलेली, गवताने शाकारलेली पंधरावीस खोपटी आहेत. नाईकवाड्यांची, म्हणजे गडाच्या शिबंदीची. काही इथलीच कुणबी माणसं, काही जुन्नरकडून राजांच्या मागे आलेली. पहिल्याच खोपटात एक बाई चुलीपुढे बसून वर टांगलेल्या दोऱ्या उलट्यासुलट्या करतेय. तुम्हाला वाटतं कपडे वाळवतेय. बंदुकीचे तोडे आहेत ते. सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली ही दोरी धुमसत राहिली तरच बंदूक उडते, आणि माहुलीवर आश्विनातही हवेला पाणी सुटलेलं असतं. तोडा विझला की बंदूक म्हणजे नुसती महागाची काठी. म्हणून रोज पहाटे तोडे चुलीवर येतात.

"ठिणगी उडाली तर?" तुम्ही विचारता.

"दोनदा उडाली," ती म्हणते. "भाकरी जळली ती जळली, वर ह्यानं मलाच इचारलं, तोडा वाचला का."

तो 'हा' दारात बसून वहाणेचा अंगठा शिवतोय. मान वर करत नाही, पण कान लाल होतात. मीठ पुढे करा. एक मूठ. बाई ते पदरात घेते, चिमूटभर जिभेवर ठेवते आणि आत जाऊन कागदाचे दोन ताव आणून देते. जुन्नरचा कागद, घोटलेला, कडेला किंचित भिजलेला. दप्तरातून कसा आला हे विचारू नका. किनाऱ्याहून घाटाकडे जाणारे मिठाचे बैल वेढा पडल्यापासून थांबलेत. धान्याच्या कोठाराला कुलूप आहे, किल्ली हवालदाराकडे, शेर मोजून मिळतो. पाण्याला तोटा नाही, टाकी तुडुंब आहेत. पण अळणी नाचणीवर माणूस किती दिवस भांडणार?

बसा आणि काढायला लागा. तोडे, चूल, बाईचा डावा हात डोळ्यांवर धुरामुळे.

तुमचा बोरू चालू असताना, याच वर्षी, दूर ॲमस्टरडॅममध्ये पीटर कॉड नावाचा चित्रकार नेमकं हेच विकतोय. पहाऱ्याच्या खोलीतले शिपाई, पत्ते, तंबाखू, खुंटीला अडकवलेलं चिलखत, जांभई. हॉलंडचं स्पेनशी युद्ध पिढ्यान् पिढ्या चाललंय, आणि तिथला मालदार व्यापारी घराच्या भिंतीवर शिपायाची रिकामी दुपार टांगतो. लॉरेनच्या जाक कॅलोने तीन वर्षांपूर्वी युद्धाच्या हालअपेष्टांची अठरा कोरीव चित्रं छापून काढली, त्यात शिपाई शेतकऱ्याचं घर लुटतात आणि शेतकरी शिपायांना गाठून मारतात. आपल्याकडे हात कमी होते असं मुळीच नाही. शाहजहानचे चित्रकार काय ताकदीचे होते ते 'पादशाहनामा'त बघा. दौलताबादच्या १६३३ च्या वेढ्याचं चित्र त्यात आहे, तीच मोहीम ज्यात हा खानजमान बापाबरोबर लढला. पण तो ग्रंथ बादशहासाठी होता. त्याला गड पडताना बघायचा होता. कॉडचं गिऱ्हाईक पैसे मोजत होतं ते आपल्यासारख्याच कुणाच्या कंटाळ्यासाठी. चित्रात कोण येणार हे बहुतेक वेळा चित्र टांगणाराच ठरवतो. माहुलीच्या नाईकवाड्याला भिंतच कारवीची, आणि तिच्यावर सध्या ओलं घोंगडं आहे.

बाहेर या, उजेड आहे तोवर. दोन पोरं शिशाच्या गोळ्यांनी गोट्या खेळतायत. हरलेल्या गोळ्या संध्याकाळी बापाला परत द्यायच्या, असा करार. एक गोळी दरीत गेल्यावर जी रडारड होते तिच्यात खेळाचं दुःख किती आणि माराची भीती किती, हे चित्रात आणून बघा.

टाक्यापाशी ठाकराची बायको जुन्नरच्या बायकांना कडूकंद शिकवतेय. चकत्या करा, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवा, उकळा, पाणी फेका, परत उकळा. एकीने काल धीर सोडला आणि एकदाच उकळून पोरांना दिला. अजून तिचं कुणी नाव काढलं की सगळ्या हसतात आणि ती स्वतःही. या बायकांना नाचणीचाही राग आहे. बाजरीच्या मुलखातल्या त्या, काळी भाकर बघितली की तोंड फिरवतात. घाट उतरून आलेल्या माणसाला कोकण आधी तोंडात सापडतं, मग डोळ्यांना.

तटाच्या कडेला मात्र हसू नाही. तिथे इथलेच चारपाच कुणबी शिपाई रांगेने बसून खाली बघतायत. खाली हळवं भात पिकलंय. यांची स्वतःची शेतं इथून दिसतात, बांध ओळखू येतात. खालच्या घोड्यांना तीच खाचरं वैरण म्हणून कापून घातली जातायत. एकजण बोटाने दाखवतो: ते माझं, ते चुलत्याचं, ते गेलं कालच. तुम्ही त्यांचे चेहरे काढू बघाल तर ते पाठ फिरवतील. पाठीच काढा. माझ्या मते तुमच्या सगळ्या तावांत हेच चित्र सर्वांत खरं उतरेल.

या मुलखातल्या भिंतींवर पुढे जे चितारलं जाईल ते आठवा. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, लग्नाच्या चौकाभोवती, बायकांच्या हातांनी: तारपा, नाच, मळणी, सुपाने पाखडणारी बाई, झाडावर चढलेला माणूस. फौज त्यात सहसा येत नाही. शेत कुणी कापलं यापेक्षा पीक आलं हे त्या भिंतीला सांगायचं असतं.

रात्र पडते. पहाऱ्याच्या शेकोटीपाशी तुम्हाला जागा मिळते, कारण मीठ. चिलीम फिरते, तंबाखू या मुलखात पोचून एक पिढी होऊन गेलीय. बोलणं हळूहळू तिथेच जातं जिथे अशा रात्री जातं, खंडागळ्यांच्या हत्तीवर. दौलताबादेत दरबार सुटताना खंडागळ्यांचा हत्ती बिथरला, लोक तुडवू लागला. जाधवांचा दत्ताजी त्याच्यावर धावला, भोसल्यांचा संभाजी खंडागळ्यांच्या बाजूने मधे पडला, आणि बघता बघता सोयरे सोयऱ्यांवर तुटून पडले. दत्ताजी गेला, संभाजी गेला, सासऱ्याने जावयावर, लखुजीरावांनी शहाजीराजांवर, तलवार उचलली. सांगणारा म्हातारा हत्तीचं नाव, सोंडेची लांबी सगळं रंगवून सांगतो. दर वेळी हत्ती थोडा वाढत असणार. पुढचं कुणी बोलत नाही, सगळ्यांना माहीत आहे. १६२९ मध्ये त्याच दौलताबादेत निजामशहाने लखुजीरावांना मुलांसकट मारवलं. त्यांचे भाऊबंद मोगलांकडे गेले. आणि त्यांचा जावई आज त्याच निजामशाहीच्या शेवटच्या वारसाला कडेवर घेतल्यासारखा या डोंगरावर बसलाय.

"वाड्यात बाईसाहेब असतील तर," एक पोरगेला शिपाई म्हणतो, "त्यांचं माहेर खाली अन् सासर वर."

"तुझा मेव्हणा खाली हाय त्याचं बघ," म्हातारा म्हणतो.

मेव्हणा खरंच खाली आहे. दोन रात्रींपूर्वी आवाज ओळखू आला. आता रोज पहिल्या प्रहरानंतर, वारा पडला की, हा वरून हाक घालतो आणि तो खालून. राजकारण नसतं. बहिणीला दिवस गेलेत, कितवा महिना, गाय व्याली का, बापाचा खोकला. मग खालून कुणीतरी दटावतं आणि दोघे गप्प होतात. सकाळी दोघांनी एकमेकांच्या दिशेने बार काढायचे असतात. बार उंच जातात, असं पोरगा सांगतो. म्हातारा म्हणतो, तोडे ओले असतात म्हणून.

हे कसं काढणार? अंधार आणि दोन आवाज. काढू नका. ऐका.

पुढचे काही दिवस भराभर उलटा. वाटाघाटी वाड्यात होतात, तुमच्यापर्यंत फक्त घोड्यांची ये-जा येते. बाहेरून मदत येणार नाही हे आता पोरांनाही कळलंय. मग एका सकाळी महादरवाजा उघडतो. छोटा मुर्तजा मोगलांच्या हवाली होतो. त्याला पुढे ग्वाल्हेरच्या किल्ल्यात ठेवतील, आणि अहमदनगरची निजामशाही इथे, शहापूरच्या या डोंगरावर, संपते. जुन्नर, त्रिंबक, त्रिंगलवाडी, हरिश्चंद्रगड, जीवधन हे गड मोगलांना. शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत, रणदुल्लाखानाबरोबर विजापूरच्या वाटेला. काल शत्रू होता तो आज सोबती. माहुली पुन्हा १६५८ मध्ये मराठ्यांकडे येईल, १६६५ च्या पुरंदरच्या तहात जाईल, १६७० मध्ये मोरोपंत पिंगळे ती घेतील. त्यांच्या आधी त्याच वर्षी खुद्द शिवाजी महाराजांनी केलेला हल्ला फसलेला असेल. ते सगळं पुस्तकांत आहे, तुम्हाला त्यासाठी इथे थांबायला नको.

तुम्ही पळसगडाकडेच जा. तिथे झाडती चाललीय. गड ताब्यात घेताना त्यावर काय काय आहे ते मोजून लिहायचं असतं. नव्या धन्याचा कारकून, मागे दोन शिपाई, खोपटं खोपटं फिरतोय. मोडीत लिहितोय, भराभर: बंदुका इतक्या, शिसं इतकं, दारू ओली इतकी, नाचणी, तेल, दोर. पुढे लिहितो, जातं दगडी, एक. दुसऱ्या खोपटात, जातं दगडी, एक. या युद्धात संसाराची नोंद कुणी केली असेल तर ती याने.

तोडे वाळवणाऱ्या बाईच्या दारात तो येतो. नवरा बाहेर हात बांधून उभा. नव्या हजेरीपटावर नाव लागेल का या चिंतेत तो आहे, आणि बायकोने तोंड उघडू नये अशी त्याची धडपड चाललीय.

"जातं एक," कारकून म्हणतो.

"ते माझ्या माहेरचं हाय. जुन्नरास्नं बैलावर घालून आणलंय."

"गडावर सापडलं ते गडाचं, बाई."

"अगं, राहू दे," नवरा पुटपुटतो.

तुमच्याजवळ एकच ताव उरलाय आणि शाई घट्ट झालीय. थोडं पाणी घाला, लवकर. कारण ती आता चुलीपुढून उठलीय, कमरेला पदर खोचलाय आणि कारकुनाच्या कागदावर बोट ठेवलंय.

"लिव्ह की मग सगळंच. ह्याचा सहा म्हैन्यांचा मुशाहिरा थकलाय. त्यो कुणाच्या नावावर मांडतोस ते आधी सांग, मग जात्याला हात लाव."